आधी अहवाल वाचा, मग बोट दाखवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. वारणेला पूर आला की निलेवाडी, घुणकी, खोची. पंचगंगेला आला की रुकडी, चंदूर, इंगळी. दोन्ही नद्यांचा मार खाणाऱ्या या गावांत प्रत्येक महापुरानंतर पंचनामे होतात, मदत जाहीर होते आणि चूक दुसऱ्याची होती हेही ऐकायला मिळतं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सत्ताधाऱ्यांनी पावसाला दोष दिला. विरोधकांनी मुख्यमंत्री फडणवीसांच्या महाजनादेश यात्रेला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर मात्र दोन्ही बाजूंचं जमलं, कारण शेजारच्या राज्याकडं बोट दाखवणं सगळ्यांनाच सोयीचं. दोन वर्षांत सत्ता पालटली आणि पूरही परत आला. ३० जुलै २०२१ ला कोल्हापूरच्या शाहूपुरीत मुख्यमंत्री ठाकरे आणि विरोधी पक्षनेते फडणवीस पाहणी करताना समोरासमोर आले. खुर्च्या बदलल्या होत्या; पूरग्रस्त तेच होते.

दोष ठरवूच नये, असं माझं म्हणणं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटली आणि १७ जीव गेले. बोटीत माणसं जास्त बसली होती. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. घर दोन दिवस पाण्याखाली असेल तरच फुकट धान्य, असा आदेश त्याच महिन्यात काढणाऱ्यांनाही विचारला पाहिजे. पण जबाबदारी ठरवणं वेगळं आणि अंगावरचं झटकणं वेगळं. जबाबदारी ठरली तर पुढच्या पुरात बोट वेळेवर येते. झटकाझटकीतून फक्त पुढची पत्रकार परिषद निघते.

पुराची कारणं शोधायला शासनानं नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली. २०२० मध्ये तिचा अहवाल आला. २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असं तो म्हणतो. अतिवृष्टी आणि नदीच्या पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांवर तो बोट ठेवतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी आकडे घेऊन खोडून काढावं. अलमट्टीच्या वाढीव उंचीला विरोधही जरूर करावा. पण अलमट्टीवर कितीही भाषणं केली तरी पुराचं पाणी अडवणारा शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव जागचा हलत नाही. २०१९ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग तिथंच पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची कोंडी झाली. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. ही दुसरी वेळ टाळता आली असती.

नदीकाठची माणसं वेळेवर का निघत नाहीत, हेही कुणी नीट विचारलं नाही. २०१९ ला भिंतीवर २००५ च्या पुराच्या पाण्याची खूण होती. ‘पाच सालापेक्षा वर येत न्हाई,’ म्हणून माणसं थांबली. गोठ्यात म्हशी होत्या. त्यांना सोडून जायचं कुठं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तोवर वाटा बंद झाल्या होत्या. माणसाच्या निवाऱ्याबरोबर जनावरांचा तळ आणि वैरण ठरल्याशिवाय इथलं स्थलांतर होत नाही.

शिकायचं म्हटलं तर शिकता येतं. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळानं सुमारे १०,००० बळी घेतले. त्या राज्यानं किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी सराव घेतले. मे २०१९ च्या ‘फणी’ वादळाआधी तिथं १० लाखांहून जास्त माणसं हलवली. बळी शंभराच्या आत राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी आपली माणसं छपरावर बसून बोटीची वाट बघत होती.

म्हणून नदीकाठच्या गावांना एकच विनंती. मे महिन्याच्या ग्रामसभेत वडनेरे अहवाल वाचायला लावा आणि विचारा: बोट कुणाच्या ताब्यात आहे आणि ती चालवणार कोण? जनावरं कुठं बांधायची? निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, नव्या बांधकामाला परवानगी कुणी दिली? उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात सहीनिशी लिहून घ्या. पुढाऱ्यांची जबाबदारी पूर येण्याआधी कागदावर आली, तरच पूर गेल्यावर ती त्यांना झटकता येणार नाही.