चोराला न अडवणारं कुलूप

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या 78 वर्षांची आहे. डोळ्यांच्या पडद्याचा विकार, त्यामुळे ओळीच्या कडा दिसतात आणि मधलं सगळं धूसर. दोन वर्षांपूर्वी तिला टॅब्लेट घेऊन दिला, तिच्या आवडीची 11 मराठी ई-पुस्तकं विकत घेतली. अक्षर बोटभर मोठं करून ती दुपारभर वाचत बसायची. दिवाळीनंतर टॅब्लेट बंद पडला. नवा आणला, तर त्यावर एकही पुस्तक उघडेना. विक्रेत्याचं जुनं अ‍ॅप गेलेलं, नव्यात तिचं खातं सापडेना. फायली माझ्याकडे आहेत, पण कुलूपबंद. मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय त्या पुस्तकांत पहिल्यापासूनच बंद ठेवलेली होती.

‘‘पैसे आपण भरले ना रे? मग ताळं कुणाला लावलंय?’’ आत्याने विचारलं. शेजार गुजराती, म्हणून आमच्या घरात कुलपाला ताळंच म्हणतात.

ताळं तिलाच लावलंय. चोराला ते लागतच नाही. डिजिटल कुलूप जगात एका माणसाने एकदा फोडलं की पुरे; त्यापुढच्या लाख प्रती बिनकुलपाच्या, बिनखर्चाच्या निघतात. डीव्हीडीचं कुलूप 1999 मध्ये फुटलं. फोडणाऱ्यांपैकी नॉर्वेच्या यॉन योहान्सेनवर खटला चालला, तेव्हा स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघणं हा गुन्हा नाही, असं म्हणून तिथल्या न्यायालयाने 2003 मध्ये त्याला सोडून दिलं. म्हणजे फुकटात उतरवून घेणाऱ्याला चांगली, मोकळी प्रत मिळते आणि पैसे मोजणाऱ्याला बेड्या घातलेली. प्रामाणिक गिऱ्हाइकाला वाईट माल विकणारा असा दुसरा धंदा मला माहीत नाही.

मग कंपन्या कुलूप लावतात तरी कशाला? 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्सने एका जाहीर पत्रात हिशेब मांडला होता. 2006 मध्ये ऑनलाइन विकली गेलेली कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी, आणि त्याच वर्षी त्याच ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सीडीवर विकलेली बिनकुलपाची गाणी वीस अब्जांहून जास्त. तिजोरीला कुलूप आणि मागची भिंत उघडी. 2009 मध्ये आयट्यून्सने गाण्यांवरची कुलपं काढली, संगीताचा धंदा काही बुडाला नाही. पुस्तकांवर आणि चित्रपटांवर मात्र ती राहिली, कारण कुलपाचा खरा फायदा वेगळाच आहे. एका दुकानातून शंभर पुस्तकं घेतलेला माणूस दुसऱ्या दुकानाकडे फिरकत नाही, गेला तर शंभर पुस्तकं मागे राहतात. यातून लेखकाच्या हाती जास्तीचा एक रुपया पडत नाही. बांधून राहतं ते गिऱ्हाईक, आणि दुकानाशी.

चोरीवर उतारा आहे तो किमतीचा. 2007 मध्ये मोझर बेअरने चित्रपटांच्या अस्सल व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणल्या. फुटपाथवरच्या नकली तबकडीच्या भावात अस्सल मिळू लागल्यावर लोक रांगेने घेत होते. ती कंपनी पुढे कर्जापायी बुडाली, पण लोकांना फुकटच हवं असतं हा आरोप तिने खोटा पाडला.

आता कायदा. आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, हे मी अभिमानाने सांगतो. 1998 च्या अमेरिकी कायद्यात कुलूप फोडणं हाच मुळात गुन्हा. त्यातून सूट हवी तर दर तीन वर्षांनी अर्ज करायचे आणि काँग्रेसच्या ग्रंथपालाने निर्णय द्यायचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65 अ आलं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडलं तरच. अधू माणसाला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदलून देणं हा त्याच दुरुस्तीने हक्कभंग राहिला नाही. म्हणजे आत्याची पुस्तकं मी उघडली तर तो गुन्हा नव्हे.

पण उघडू कशाने? कायद्याने हक्क दिला, किल्ली दिली नाही. दुसऱ्याची मदत घ्यावी, तर मदत करणाऱ्याने माझं नाव, पत्ता, कारण अशी सगळी नोंद ठेवायची, असंही तेच कलम सांगतं. रावपुऱ्यातला कुठला दुरुस्तीवाला ही वही ठेवणार आहे? आणि कुलूप लावणाऱ्याने कुठली वही ठेवायची, त्याने किल्ली कधी द्यायची, यावर कायद्यात एक ओळ नाही.

बडोद्यात राहून हे सोसणं जास्त जड जातं. महाराजा सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सुटल्यावर पोर अक्षर विसरू नये म्हणून 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल आणवला, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी जाऊ लागली. हे सारं एका साध्या नियमावर उभं होतं: पुस्तक एकदा विकलं की त्या प्रतीवरचा विकणाऱ्याचा हक्क संपला. घेणाऱ्याने ती वाचावी, उसनी द्यावी, मुलांना ठेवावी. ई-पुस्तकात विक्रीच नसते, असतो फक्त परवाना. 2009 च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘1984’ ची एक आवृत्ती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. माफी मागितली ती नंतर. 2011 मध्ये हार्परकॉलिन्सने ग्रंथालयांना सांगितलं, ई-पुस्तक 26 वेळा दिलं की संपलं, पुन्हा विकत घ्या. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशीवरच्या पोलादी मांडण्यांत सयाजीरावांच्या काळातली पुस्तकं आजही आहेत. 26 चा नियम त्यांना लावला असता तर यातली चालती पुस्तकं पहिल्या दोन वर्षांतच संपली असती.

माझं मागणं सरळ आहे. जो कुलूप लावतो त्याने किल्लीची एक प्रत सरकारी ग्रंथालयात ठेवावी. अधू वाचकासाठी ती लगेच मिळावी, आणि दुकान बंद झालं किंवा हक्काची मुदत संपली की सगळ्यांसाठी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजींचं 1 जानेवारी 2011 ला झालं. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं सारं 1 जानेवारी 2030 ला मोकळं होईल. कुलपाला मात्र तारीख समजत नाही. कुलूपबंद फाइल त्या सकाळीही बंदच असेल, हक्क कुणाचाच उरलेला नसताना.

आत्याच्या 11 पैकी एका पुस्तकाची छापील प्रत मला मांडवीला मिळाली. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी ती तिला वाचून दाखवतो. काल 112 व्या पानापर्यंत आलो. परतीची तारीख शुक्रवारची आहे, मुदत वाढवून घ्यायला हवी.