तीस दिवसांत जुने रहिवासी व्हा

लोकलच्या डब्यात पूर्वी ‘तीस दिवसांत इंग्रजी बोला’ असली पातळ पुस्तकं विकायला यायची. त्यातून कुणाला इंग्रजी आलं की नाही देव जाणे; विकणारा मात्र न अडखळता बोलायचा. त्याच धर्तीवर हा अभ्यासक्रम आखला आहे. बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरात नुकतंच बिऱ्हाड आणलेल्या आणि सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये ‘तुम्ही नवीन ना?’ असं ऐकून खाली बसलेल्या होतकरूंसाठी. साहित्य फार लागत नाही. दोनशे पानी वही, लोकलचा पास, छत्री, आणि खोटं न बोलता थोडं वाढवून सांगायची तयारी.

पाठ पहिला : मुख्य वाक्य

‘आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं.’

हे वाक्य रोज सकाळी दात घासताना दहा वेळा म्हणा. ‘काहीच’वर जोर हवा आणि हात खिडकीबाहेर फिरला पाहिजे. आपल्याकडे ज्येष्ठता वर्षांत मोजत नाहीत, कोणी किती रिकामपण पाहिलं त्यावर मोजतात. १९८५ला आलेला सांगतो, स्टेशनवरून घरी यायला बॅटरी लागायची. २००० साली आलेला सांगतो, रात्री नऊनंतर रिक्षा मिळायची नाही. २०१८ला आलेल्याकडेही भांडवल असतं: समोरचा टॉवर नव्हता, गॅलरीतून डोंगर दिसायचा. तुम्ही परवा आला असाल तर निराश होऊ नका. महिनाभरात तुमच्याही समोर काहीतरी उभं राहील.

पाठ दुसरा : नावाचा उगम

नागपूरचे मामा फोनवर विचारणारच, ‘बदलापूर म्हणजे त्या पिक्चरचं?’ २०१५च्या त्या चित्रपटानं आपल्या गावाला विनाकारण सुडाचा वास लावून ठेवला आहे. शांतपणे सांगायचं, बदला नव्हे, बदल. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचं घोडदळ इथं घोडे बदलायचं, म्हणून बदलापूर. कागद मागितला तर विषय बदला. तेही नावाला धरूनच होईल. ही कथा सगळे सांगतात, पुरावा कुणी खिशात घेऊन फिरत नाही, आणि तिच्यावाचून एकही स्मरणिका छापून झालेली माझ्या पाहण्यात नाही.

इथंच एक बारकावा शिकून घ्या, त्यानं भाव वाढतो. स्टेशनचं नाव बदलापूर असलं तरी स्टेशन आहे कुळगावात. मूळ बदलापूर गाव नदीच्या बाजूला, आत. म्हणून नगरपालिकेच्या पाटीवर ‘कुळगाव-बदलापूर’ असं जोडनाव आहे. हा भाग १९८३ला कल्याण महापालिकेत गेला आणि १९९२ला पुन्हा बाहेर आला, अंबरनाथही तसंच. ‘महापालिकेत होतो तेव्हा बरं होतं’ आणि ‘बाहेर पडलो तेच बरं झालं’ ही दोन्ही मतं तयार ठेवा. समोरचा कोण आहे ते बघून वापरा.

पाठ तिसरा : देऊळ

पाहुण्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यावंच लागतं. तिथं तुमची परीक्षा आहे. पाहुणे वर बघून म्हणतील, ‘गाभाऱ्यावर शिखर कसं नाही?’ गावातलं उत्तर असं: पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, उजाडलं, राहून गेलं. पुस्तकातलं उत्तर वेगळं. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं हे देऊळ. शिलालेखात मम्वाणी राजाचं नाव आहे आणि शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. सुरुवातीला हा आकडा ७८२ असा वाचला गेला होता. एका अंकाच्या वाचनानं देऊळ दोनशे वर्षं म्हातारं झालं आणि पुढच्या वाचनानं पुन्हा तरुण. दगडात कोरलेल्याची ही गत, तर ‘आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणून सुरू होणाऱ्या हकिगती वहीत पेन्सिलनंच उतरवाव्यात.

गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. उतरताना बोलू नका. बाहेर आल्यावर बाजूची वालधुनी दाखवा आणि तिच्याबद्दलही काही बोलू नका. वास स्वतःच बोलतो. काकोळ्याच्या डोंगरात स्वच्छ उगम पावलेली ही नदी देवळाजवळून, कारखान्यांमधून, उल्हासनगरच्या पोटातून कल्याणकडे जाते. उल्हास नदीच्या नावानं वसलेल्या शहराच्या मधून वाहते ती वालधुनी, आणि तिच्या नावाची पाटी शोधायला मला अर्धा दिवस लागला होता.

पाठ चौथा : पत्ता सांगणे

हा अभ्यासक्रमाचा कणा. नवा माणूस आहे त्या खुणेवरून पत्ता सांगतो, जुना नाही त्या खुणेवरून. अंबरनाथमध्ये ‘विमको नाक्यावर उतरा’ म्हणतात. विमको म्हणजे स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली काड्यापेट्यांची कंपनी. देशभरच्या चुली तिच्या काडीनं पेटत. कंपनी विझली, नाका पेटता राहिला. तसंच काकोळ्याचं रेल्वेचं धरण. ज्या जीआयपी रेल्वेचं ते, तिचं नाव १९५१ला पुसून मध्य रेल्वे झालं. तरी पावसाळ्यात पोरं निघाली की आईला सांगतात, ‘जीआयपीला जातोय.’ त्या तीन अक्षरांचा अर्थ पोराला माहीत नसतो, आईलाही नसतो. ती फक्त सांगते, पाण्यात उतरू नकोस.

उल्हासनगरात हा पाठ थोडा बाजूला ठेवावा लागतो. बदलापूरच्या जुन्या बायका आजही उल्हासनगरला जात नाहीत, ‘कॅम्पात’ जातात: पडद्यांच्या कापडासाठी, फर्निचरसाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात ही कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना तिच्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. बराकी बहुतेक पडल्या, त्यांच्यावर सहा-सात मजले चढले, तरी पत्ता अजून कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर असाच. इथल्या मालाच्या ‘मेड इन यूएसए’ शिक्क्याचा विनोद तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसा. मात्र दाल-पकवानाच्या गाडीवर भेटलेल्या एखाद्या ऐंशीच्या आजोबांसमोर मुख्य वाक्य चुकूनही म्हणू नका. मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, ‘बेटा, हम आए तब यहां सब कुछ था. पलटन की खाटें थीं, नलके थे. हमारे पास कुछ नहीं था.’ आणि मग गावाचा इतिहास विचारला तर शिकारपूरच्या बाजाराबद्दल बोलत राहिले. पकवान गार होईपर्यंत. माझ्या वहीत त्या दिवशीचं पान कोरं आहे, कारण मला ते कोणत्या गावाच्या नावाखाली लिहावं ते कळलं नाही.

पाठ पाचवा : ताज्या बातम्या

वर्तमानपत्र सकाळी येतं, बातमी आदल्या संध्याकाळी फ्लेक्सवर लागलेली असते. फ्लेक्स वाचायला शिका. मधला सगळ्यात मोठा चेहरा वाढदिवसाचा असेल असं समजू नका. वाढदिवसवाला बहुधा खाली डावीकडे, हात जोडून. मोठे चेहरे कोणत्या क्रमानं लावलेत ते बघा, गेल्या महिन्यात तिथं कोण होतं आणि आज कोण नाही ते बघा. कोण कोणाच्या गटात गेला हे मुंबईच्या वाहिन्यांना कळायच्या आत तुम्हाला कळेल. निधनाच्या फलकावर दशक्रियेची जागा आणि ‘शोकाकुल’खालची नावं नीट वाचा. गावातली नाती समजून घ्यायला याहून चांगली वंशावळ नाही.

जुने फ्लेक्स कुठं जातात हेही माहीत हवं. जूनमध्ये ते भाजीवालीच्या डोक्यावर, पाड्यावरच्या कुडाच्या छपरावर, वीटभट्टीवर जातात. बदलापूर स्टेशनबाहेर जांभळं विकायला बसलेल्या ठाकर मावशींच्या टोपलीवर एका माजी नगरसेवकांचं अर्धं हसू मी स्वतः पाहिलं आहे. बाकीचं अर्धं पावसाकडे होतं.

खरी बातमी मात्र लोकलमध्येच. जागा मिळावी म्हणून अंबरनाथहून उलटे बदलापूरला येऊन बसणारे आणि त्यांच्यामुळे उभे राहणारे बदलापूरकर यांच्यातलं वैर जुनं आहे. त्यात पडू नका. भजनी मंडळाच्या डब्यात टाळ वाजत असताना ऐका: पाणी कधी जाणार, कोणाची मुलगी कुठं दिली, कोणत्या बिल्डरचं काम थांबलं. सगळं अंबरनाथ ते ठाण्यादरम्यान उरकतं.

पाठ सहावा : पाणी येणे

नळाचं नव्हे, त्याचा पाठ एका ओळीत संपतो: शटडाऊनचा वार लक्षात ठेवा. इथं नदीचं पाणी अभिप्रेत आहे.

दोन जुने बदलापूरकर भेटले की विचारतात, ‘तुमच्याकडे किती आलं होतं?’ साल सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५. उत्तरही शब्दांत देत नाहीत. हात आडवा धरून दाखवतात. गुडघा, कंबर, खिडकीचं ग्रिल. काही घरांत ती रेघ रंगाच्या तीन थरांखालीही भिंतीतून वर येते. मग २७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात उभी राहिली, आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची मदत आली, चामटोलीचे गावकरी धावले. त्या दिवशी आपलं गाव देशभर टीव्हीवर दिसलं, आणि जुन्या माणसांनी पडद्याकडे बघत एवढंच म्हटलं की पाच साली याहून जास्त होतं.

नवशिक्यांसाठी खरोखर उपयोगाची सूचना, थट्टा नव्हे: फ्लॅट बुक करायच्या आधी सॅम्पल फ्लॅटमधल्या पोरीला नदीचा व्ह्यू विचारू नका. बाहेर येऊन टपरीवाल्याला विचारा, ‘पाच साली इथं कुठवर होतं?’ तो चहा गाळता गाळता हात दाखवेल. त्या हाताच्या वर घर घ्या.

पाठ सातवा : ग्रंथालय

गंभीर विद्यार्थ्यांनी १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडावं आणि बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’त एक दुपार काढावी. बाकीच्यांनी हा पाठ ऑप्शनला टाकावा. मीही बराच काळ टाकला होता.

तिसावा दिवस : प्रात्यक्षिक

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर उभे राहा. एक टेम्पो येईल. त्यात गादी, सिलिंडर, फ्रिज, तुळशीची कुंडी आणि एक नवं जोडपं. पत्ता विचारतील. पाडलेल्या चक्कीवरून, गेलेल्या वडाच्या झाडावरून त्यांना पत्ता सांगा. ते गोंधळले की समजा, तुम्ही जवळजवळ पास. मग हात फिरवा आणि म्हणा, ‘आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं. सगळी शेती होती.’

त्याच वेळी दूध घालायला आलेले, लुंगी-बनियनमधले आगरी बाबा तुमच्या मागं उभे असतील. ते विचारतील, ‘कोनाची?’

उत्तर तुम्हाला येणार नाही. माझ्या वहीतही नव्हतं. बाबा किटली दुसऱ्या हातात घेतील, बी विंगच्या पार्किंगमध्ये उभ्या पांढऱ्या गाडीकडे हनुवटीनं दाखवतील आणि सांगतील, विहीर तिथं होती.

नव्या जोडप्याला जरा थांबायला सांगा. टेम्पोवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या. बाबांना विचारा, तिला पाणी किती होतं.