सामाईक पंधरा जीबी

आमच्या महाळुंगे पडवळात पत्र परत गेल्याचं जुन्या माणसांना आठवत नाही. पोस्टमन ते घरी द्यायचा, घरी कुणी नसलं तर शेजारी, शेजारी नसला तर गिरणीत, आणि गिरणीला कुलूप असलं तर पारावर जो बसला असेल त्याच्या हातात. पुष्कळदा पत्राच्या आधी मजकूरच घरी पोचायचा. अशा गावात काकांना पाठवलेलं पत्र "पेटी भरली आहे" म्हणून परत गेलं.

पत्र साधं नव्हतं. त्यांच्या थोरल्या नातीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना होता. आजोबांच्या नजरेखालून जाऊ दे, म्हणून तिच्या आईनं, म्हणजे आमच्या ताईनं, तो पुण्याहून मेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला. उत्तर नाही. आमच्याकडे पत्रिकेवर उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ एकच: कुणाचं तरी नाव कुणाच्या तरी खाली गेलंय. तिकडे दोन्ही घरांत काका रुसल्याचं पक्कं झालं. त्यांची समजूत काढायला कुणाला धाडायचं इथवर बोलणी गेली. इकडे काका चाळीत बसून कांदा निवडत होते. आपण रुसलोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

शेवटी ताईनं परत आलेली मेल मला फोनवर वाचून दाखवली. पाठवणारा, मेलर डीमन. मी ते काकांना सांगितलं.

"हा डीमन कुठल्या गावचा?" काकांनी विचारलं.

"काका, तो माणूस नाही. मेल पोचली नाही की पाठवणाऱ्याला तसं कळवणारी यंत्रणा आहे."

"मग परस्पर परत पाठवायचा अधिकार तिला दिला कुणी? मी काय घरात नव्हतो?"

मी त्यांचा फोन उघडला. पंधरापैकी पंधरा जीबी भरलेले, वर लाल पट्टी. काका म्हणाले, शक्य नाही. मला मेल करतंय कोण? बरोबरच होतं त्यांचं. मेलनं दोन जीबीही खाल्ले नव्हते. घोटाळा असा, की गूगलचे हे फुकटचे पंधरा जीबी एकट्या मेलचे नाहीतच. मेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून ते आहेत. हे मी तीन प्रकारे समजावलं. काकांनी हातातला कांदा खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे सातबारा सामाईक आहे."

यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मी तरी वाचलेलं नाही. तीन भाऊ, एक सातबारा. त्यात फोटो हा बांध कोरणारा भाऊ. १ जून २०२१पर्यंत जरा हलक्या दर्जाचे फोटो गूगल हिशेबात धरत नव्हतं, तोवर त्याचं कोरणं कुणाला जाणवलं नाही. त्या तारखेपासून नव्यानं चढणारा प्रत्येक फोटो मोजला जाऊ लागला. मग २०२४मध्ये अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही याच पंधरात धरायला लागले. म्हणजे चौथा भाऊ आला, आणि येताना रोज पहाटेचे गुलाबाचे सुप्रभात घेऊन आला. सोसायचं मात्र धाकट्या मेलनं. त्याच्या वाट्याला पाय ठेवायलाही जागा उरली नाही, म्हणून आलेला पाहुणा दारातून परत.

काकांचंही म्हणणं होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. हॉटमेलच्या जमान्यात पेटी दोन एमबीची असायची. आजचा एक फोटो तीत मावायचा नाही. १ एप्रिल २००४ला जीमेलनं एकदम एक जीबी देऊ केली तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं. आता काही पुसायची गरज नाही, हीच तेव्हाची मुख्य जाहिरात होती. काकांनी ती मनावर घेतली, इतकंच.

मग निवड सुरू झाली. बँकेच्या कर्जाच्या जाहिराती उडवायला काका आनंदानं तयार होते. पण तसल्या हजार मेल उडवल्या तरी शंभर एमबी सुटतील की नाही शंका. मेलच्या शोधपट्टीत ‘लार्जर’, पुढे कोलन, पुढे ‘टेन एम’ असं इंग्रजीत लिहिलं की दहा एमबीवरची धेंडं तेवढी रांगेत उभी राहतात. उभी राहिली. सातबाऱ्याची स्कॅन केलेली एकच प्रत, सेवा केंद्रातून दरवेळी नव्यानं मेल केलेली. (जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण तिसऱ्या हिश्श्यानं फुगते, हे सांगितल्यावर काकांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं.) मग फोटोंकडे वळलो. डिंभे धरणाचे दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ, दर पावसाळ्याचे. गोठ्यामागच्या कॅमेऱ्यातला बिबट्या: लांबलचक अंधार, त्यात क्षणभर शेपूट.

"शेपूट काढू नको," काका म्हणाले. "वनखात्याला दाखवायला लागेल."

आणि १२ डिसेंबर. १९३०साली याच तारखेला आमच्या गावचे बाबू गेनू मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि हुतात्मा झाले. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. तर काकांच्या फोनमध्ये स्मृतिदिनाचा प्रत्येक हार, प्रत्येक वक्ता आणि प्रत्येक वक्त्याची पाठ होती. मी एका धूसर पाठीवर बोट ठेवलं, तशी काकांनी अशा काही नजरेनं माझ्याकडे पाहिलं, की जणू परदेशी कापडाचा ट्रक मीच चालवत होतो. हुतात्म्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. ते सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवले.

एवढं करून लाल पट्टी जागची हलेना. कारण पुसलेलं सगळं आधी ट्रॅशमध्ये जाऊन बसतं, मेल तीस दिवस, फोटो साठ, आणि तिथेही जागा अडवतंच. ट्रॅश रिकामं करायचं म्हटल्यावर काका खरे हळवे झाले. चाळीत सडका कांदा वासावरूनच, उचलून न बघता मागे फेकणारा हा माणूस, शेवटच्या बटणाआधी दोनदा म्हणाला, "अजून एकदा बघून घे रे." मी न बघता दाबलं. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळायची खूण केली आणि चहा मागवला.

चहा संपायच्या आत फोन टुणटुणला. पाठवणाऱ्याकडचा सर्व्हर एका नकारानं हटत नाही. अडचण तात्पुरती वाटली तर चार-पाच दिवस अधूनमधून दार वाजवत राहायचा त्याचा जुना रिवाज आहे. ताईची दुसरी मेल तशीच आत आली. काकांनी चष्मा पुसला. गणपती बघितला, मुहूर्त बघितला, किलबिलमधली नातवंडं मोजली. मग बोट आजोळच्या ओळीवर आलं आणि थांबलं. त्यांचं नाव त्यांच्या धाकट्या चुलतभावाच्या खाली होतं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पुन्हा कांदा निवडायला लागले.

"ताईला काय कळवू?" मी विचारलं.

"काही कळवू नको," काका म्हणाले. "पेटी अजून भरलेलीच आहे."