न जळण्याचा गुन्हा

१५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला आग लागली. छप्पर जळाले, उंच कळस कोसळला. दक्षिण बाजूच्या चॅपेलांमधल्या, वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या रंगीत काचा मात्र शाबूत राहिल्या. सारा देश हळहळत असताना हा असा असहकार!

राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी त्याची योग्य दखल घेतली. त्यातल्या सहा खिडक्यांना नव्या, समकालीन काचा बसवायचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वारसा आयोगाने एकमताने विरोध केला. आयोगाचे कामच ते; त्याने विरोध करावा, सरकारने चित्रकर्ती निवडावी. निवडली.

कोसळलेला कळसही याच व्हियोले-ल-द्युक यांचा. तो हुबेहूब, पूर्वीसारखाच पुन्हा उभारला. म्हणजे धोरण सुस्पष्ट आहे: जळेल ते जसेच्या तसे, वाचेल ते बदलून. या न्यायाने दर्शनी बाजूचे दोन्ही बुरूजही तातडीने उतरवावेत. तेराव्या शतकापासून उभे आहेत, जळायला पुरेशी मुदत मिळाली होती.

काचांना आपली जागा राखायचीच असेल, तर नुसत्या अर्ज-विनंत्यांत वेळ घालवू नये. सोबत एक काडेपेटी जोडावी.