सोप्या पाककृतीचे अंदाजपत्रक

सेवानिवृत्त अधिकाऱ्यांपैकी काही देवस्थानाचे विश्वस्त होतात, काही वर्तमानपत्रांना पत्रे लिहितात, आणि ज्यांना जन्मभर हाताखाली माणसे असण्याची सवय जडलेली असते, ते स्वयंपाक करू लागतात. या तिसऱ्या वर्गाचा निर्दोष नमुना पाहावयाचा असेल, तर औंढा नागनाथाचे दर्शन आटोपून सिद्धेश्वरास यावे. पूर्णा नदीवरील येथील धरणाच्या कालव्यांवर ज्यांनी सारी उमेद खर्ची घातली आणि १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा ज्यांना इतर कशापेक्षाही दप्तराच्या वाटणीचे दुःख अधिक झाले, ते रावसाहेब येथेच घर बांधून राहिले आहेत. मुलाच्या सिंगापुरातल्या बिऱ्हाडी एक पावसाळा काढून ते परतले, तेव्हापासून डुकराच्या मांसाच्या पौर्वात्य पाककृतींनी त्यांना झपाटले आहे.

‘अहो, यासारखे सोपे काही नाही,’ हे त्यांचे पालुपद. चरबीचे पदर असलेल्या मांसाचे चौकोनी तुकडे करावेत, एक उकळी आणून ते पाणी टाकून द्यावे, साखरेच्या तांबूस पाकात तुकडे घोळावेत, आले, चक्रीफूल आणि सोया सॉस घालून झाकण ठेवावे, आणि दोन तास खुशाल विसरून जावे. फिलिपाइन्सचा अडोबो याहूनही सोपा: व्हिनेगर, लसूण, मिरे, तमालपत्र आणि पुन्हा तोच सोया सॉस. ऐकणाऱ्याला वाटते, आपण उगाच इतकी वर्षे पिठलेभाकरीवर काढली. परंतु मूळ कामाचा आकडा लहान दाखवून मंजुरी मिळवावी, आणि वाहतूक, आस्थापना व किरकोळ या सदरांखाली खरा खर्च मागाहून मागावा, हे अंदाजपत्रके करणाऱ्यांचे जुने कसब आहे, आणि ते निवृत्तीबरोबर संपत नाही.

वाहतुकीचेच घ्या. आमच्या बाजारात बोकड मिळतो, कोंबडी मिळते, धरणाची ताजी मासळी तर दारावर येते. पण हा जिन्नस मिळत नाही, आणि मागण्याची कोणाची छातीही नाही. सबब पुण्याच्या भाच्याला आठवडाभर तगादे जातात, आणि मग तो बर्फ भरलेली पेटी रात्रीच्या खासगी बसने रवाना करतो. पेटी येण्याची वर्दी रावसाहेब शेजारच्या निवृत्त मुसलमान कारकुनास आदल्या दिवशी स्वतः जाऊन देतात. तो सद्गृहस्थ काही न बोलता बसमतला लेकीकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी परतताना रावसाहेबांसाठी तिकडची हळद घेऊन येतो; तीस वर्षांच्या शेजाराला याहून अधिक कागदपत्रांची गरज पडलेली मी पाहिली नाही.

आस्थापनेचे प्रकरण अधिक नाजूक, कारण वहिनी माळकरी. नामदेवरायांचे नर्सी याच जिल्ह्यातले, आणि त्या वारीच्या वाटेवर वाढलेल्या बाईच्या ओट्यावर असले काही शिजणे शक्यच नव्हते. तेव्हा दीर्घ वाटाघाटींअंती जो तहनामा झाला, त्यान्वये रावसाहेबांना परसातल्या न्हाणीपलीकडे एक चूल, एक लोखंडी कढई, एक सुरी आणि एक झारा एवढा मुलूख तोडून देण्यात आला. भांडी स्वतः घासावीत, राखेने घासावीत, आणि स्नान केल्यावाचून घरात पाऊल टाकू नये, ही कलमे वेगळी.

खरी रंगत येते ती सोया सॉसच्या प्रकरणात. पावसाळ्यात येथून कोणत्याही दिशेला जा, दोन्ही बाजूंना सोयाबीनच उभे. आणि ते सगळे आडतीवर जाते, तेथून तेलाच्या गिरणीत. रावसाहेबांना हा अपव्यय पाहवत नाही. पारावर बसून ते शेतकऱ्यांना समजावून सांगतात की, हाच दाणा उकडून भाजक्या, भरडलेल्या गव्हात कालवावा, त्यावर बुरशी धरू द्यावी आणि मग मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवावा, की चीनजपानात घरोघर लागणारा तो काळा रस तयार होतो. एकदा एका म्हाताऱ्याने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, बुरशी धरलेला माल आडत्या बाजूला काढतो. आन् तुम्ही म्हणता, मुद्दाम धरवायची?” या प्रश्नाचा खुलासा अद्याप प्रलंबित आहे. सेचवानी मिऱ्यांचा प्रश्न मात्र त्यांनी शास्त्रशुद्ध सोडवला: कोकणातले तिरफळ त्याच कुळातले, म्हणून रत्नागिरीच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून ते वर्षाचे मागवून ठेवलेले असते. रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्यालाही ते सोडत नाहीत. मांचुरियन हा पदार्थ मांचुरियातला नसून नेल्सन वांग नामक गृहस्थांनी १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात काढला, हे त्याला कितीदा ऐकवले असेल. तो मान डोलावतो आणि कोबी चिरीत राहतो.

पण रावसाहेबांचे आराध्य दैवत एकच: अकराव्या शतकातला चिनी कवी आणि अंमलदार सू दोंगपो. या पुरुषाला वरिष्ठांच्या अवकृपेने आडगावी बदली पत्करावी लागली, तेथे डुकराचे मांस स्वस्त होते, आणि थोडे पाणी व मंद आच यांचा महिमा त्याने पद्यात गायला, इतके कोणालाही आवडेल. रावसाहेबांचा ऊर भरून येतो तो पुढच्या भागाने. हांगचौ येथे अधिकारी असताना सूने गाळाने भरत चाललेले पश्चिम सरोवर उपसून काढले आणि त्याच गाळाचा बांध घातला. त्या कामावरच्या मजुरांना त्याने हेच मांस शिजवून वाटले, अशी दंतकथा आहे. “म्हणजे आमच्याच खात्याचा माणूस!” असे म्हणून ते धरणाच्या भिंतीकडे पाहतात. आमच्या जलाशयातल्या गाळाचा विषय मग निघतोच, आणि चुलीवरचे पाणी आटते.

जेवणाचे आमंत्रण देण्यात ते उदार आहेत, पण घेणारे मिळत नाहीत. सोमवार नागनाथाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यात चतुर्थ्या, एकादश्या, चातुर्मास. शाकाहाराचे इतके भक्कम निमित्त पंचांगाने अन्य कोणत्याही प्रांतातल्या भित्र्या माणसाला पुरवले नसेल. पौषातल्या एका बिनसणाच्या बुधवारी माझ्याजवळ सबब उरली नाही, आणि म्हणून साक्ष देतो की पदार्थ उत्तम होता. चरबी जिभेवर विरघळत होती, तिरफळाचा झणका मागून येत होता, आणि बाजरीच्या भाकरीशी त्याचे जे सूत जमले होते, ते पाहून दोंगपोने आणखी एखादे पद्य लिहिले असते.

त्या दिवशी खडीसाखर नव्हती, म्हणून रावसाहेबांनी गूळ घेतला होता. कढईत पाक उकळत असताना ते मला मंद आचेचे तत्त्वज्ञान सांगण्यात गढले होते. परसाच्या उंबरठ्याआड, पदराने नाक झाकून उभ्या असलेल्या वहिनींनी आजन्म या पदार्थाला हात लावला नव्हता आणि लावणारही नव्हत्या. पण संक्रांतीच्या वड्या त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेल्या होत्या.

“अहो, पाक पुढं गेला. उतरवा कढई.”

रावसाहेबांनी तत्काळ कढई उतरवली, तुकडे घातले, हात पुसले, आणि पाककृतीची वही काढून समासात शेरा मारला: ‘गुळाचा पाक पक्का होण्यापूर्वी मांस घालावे. प्रत्यक्ष पाहणीअंती निश्चित केले.’ सूचना कोणाकडून आली, ती नोंद वहीत नाही. खाली सही होती, आणि सहीखाली तारीख.