पुसापुशीचा प्रचार

महापालिका निवडणुकीच्या प्रचारात भांडुपमधल्या तरुण कार्यकर्त्यांना दोन पाळ्यांत काम होतं. दिवसा नव्या पोस्टी टाकायच्या, रात्री जुन्या पुसायच्या. मुंबई महापालिकेचं मतदान होतं १५ जानेवारी २०२६ ला. ठाकरे बंधूंनी शिवसेना-मनसे युती जाहीर केली २४ डिसेंबरला. आठ वर्षांच्या शिव्या निस्तरायला पोरांना मिळाले जेमतेम तीन आठवडे!

आठ वर्षं कुठून, ते भांडुपकरांना सांगायला नको. ऑक्टोबर २०१७ मध्ये इथल्याच ११६ क्रमांकाच्या प्रभागात पोटनिवडणूक झाली आणि भाजपच्या जागृती पाटील निवडून आल्या. महापालिकेत आधीच शिवसेना ८४, भाजप ८२ असा निसटता हिशेब. आणखी एक जागा वाढताच भाजपला महापौरपदाची स्वप्नं पडू लागली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेची वाट धरली. त्या रात्री मनसेच्या पोरांनी जे लिहिलं ते छापायला आमचे संपादक तयार नाहीत. 'गद्दार' हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तोच शब्द शिवसैनिकांना स्वतःच्या घरात वापरावा लागला, आणि या निवडणुकीत मनसे-शिवसेना दोघांनी मिळून एकच बॅनर लावायचा होता. ॲडमिन बिचारा 'जय महाराष्ट्र' टाकतो आणि कुणी जुना स्क्रीनशॉट टाकण्याआधी ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करतो.

भाजपच्या पोरांनी हसू नये. २०१७ ची 'पारदर्शक कारभारा'ची ग्राफिक्स काढून बघा, नेम कुणावर होता? धनुष्यबाणावर. शिवसेना फुटल्यावर तोच धनुष्यबाण या वेळी कमळाशेजारी छापायचा होता, तोही सारख्याच आकाराचा. नाहीतर मित्रपक्षाचा कार्यकर्ता पट्टी घेऊन यायचा.

बाकी मजकूर सर्वपक्षीय होता. गाढव नाक्यावर गाडीतून उतरणारे भाऊ. जंगलमंगल रोडवर स्लो मोशनमध्ये चालणारे भाऊ. (त्या रोडवर रिक्षाही स्लो मोशनमध्येच चालतात, पण त्यांना गाणं मिळत नाही.)

पाण्याबद्दल कुणी काही लिहिलंय का, तेही शोधलं. 'विरोधकांना पाणी पाजू' एवढंच सापडलं. मुंबईला पाणी शुद्ध करून देणारं मोठं केंद्र भांडुपात, आणि भांडुपच्याच टेकडीवरच्या चाळींत नळाला धार करंगळीएवढी. तक्रार करावी तर ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार. जवळजवळ चार वर्षं या प्रभागांना नगरसेवक नव्हता. 'भावी नगरसेवक' मात्र खांबाखांबावर होते.

तेव्हा पोरांनो, पुसायचं ते पुसा. फक्त पुढच्या प्रचाराला टेकडीवर याल ते पाण्याच्या वेळेला या, आणि मोबाईल खिशात ठेवा. हंडा उचलायला दोन्ही हात लागतात.