बंबापुढचा शास्त्रज्ञ

संगणकावर प्रयोग करणारा सिम्युलेशनवाला ओळखायला सोपा. कुठेही गेला तरी आधी प्लग शोधतो, त्याच्या लॅपटॉपचा पंखा सदैव घरघरत असतो आणि भाजी आणण्यापासून लग्नकार्यापर्यंत कशालाही नकार द्यायला 'रन लावलाय' एवढं कारण त्याला पुरतं.

मित्रमंडळी थंडी खायला सूर्यमाळला निघाली की हाही येतो. मोखाडा तालुक्यातल्या या पठारावर बाकीचे पहाटेचं धुकं बघत बसतात. याला मुक्कामाच्या घराच्या परसातला तांब्याचा बंब दिसतो आणि तो जागीच थबकतो. त्याचा प्रबंधच या विषयावरचा: एकात एक दोन नळकांडी, आतलं तापलेलं, बाहेरचं गार, मधे द्रव. इथे मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. पडद्यावरचं सगळं धुरासकट उभं!

मग व्याख्यान सुरू. नळीलगतचं पाणी तापून हलकं होतं, वर चढतं. बाहेरच्या पत्र्याशी निवून खाली उतरतं. संगणकाला हे समजावायचं तर पाण्याच्या हजारो चौकटी पाडायच्या, भिंतीपाशी अधिक बारीक, आणि कडांना काय चाललंय ते आधीच ठरवून द्यायचं, ती सीमाअट. शिवाय बूसिनेस्क यांची सोय आहेच: घनता सगळीकडे सारखीच धरायची, फक्त वजनाचा प्रश्न आला की बदलते म्हणायचं. (ही सोय कित्येक सरकारी खात्यांनाही मानवली असती.) १९२३ साली आतलं नळकांडं फिरवून द्रवातले भोवरे दाखवणाऱ्या टेलरचं नाव घेताना तो गवयासारखी कानाची पाळी धरतो. उत्तर पडताळायला क्यून आणि गोल्डस्टाइन यांचे १९७६ मधले प्रयोग आहेत. पण त्यांची नळकांडी आडवी आणि बंब उभा, म्हणून स्वारी जरा अस्वस्थ.

"आणि क्षार?" तो स्वतःलाच विचारतो. पाण्यात मीठ उष्णतेपेक्षा साधारण शंभरपट हळू पसरतं, म्हणजे चौकटी आणखी बारीक हव्यात. चुन्याचा क्षार तर गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे पुटं नेमकी जाळाच्या नळीवर चढतात.

"ते आम्ही चिंचेनं काढतो," घरच्या मावशी म्हणतात.

तोवर आंघोळीला रांग लागलेली. मावशी नरसाळ्यातून गार पाणी ओततात, तोटीतून कढत पाणी बादलीत पडतं.

"मावशी, थांबा! सीमाअट बदलली!"

मावशी नळीत वरून दोन ढलप्या टाकतात. दुसरीही बदलते.